सायलेन्सरमधली हडळ

कवठे येमाईत कोंडिबा आबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गोठ्याच्या छपरावर पोरं चढली होती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या. मधोमध सेकंडहँड पांढरी गाडी. बॉनेटला हार, वायपरला लिंबू-मिरची, इंजिन चालू. आणि ही गाडी चक्क बोलत होती!

"बोल! हडळ असशील तर आवाज दे!" गेणबा महाराजांनी मोरपिसांचा कुंचा बॉनेटवर आपटला. हलगी कडाडली.

खडखडखडखड! गाडीच्या पोटातून आवाज आला.

"आई गं!" सगळी ट्रॉली शहारली.

"आन् खवीस असशील तर?"

गाडी गप्प.

"हडळच हाय!" महाराजांनी निकाल दिला. लोकांनी हात जोडले.

हे महाराज फक्त वाहनांचे. माणसांची भुतं काढणारे गल्लोगल्ली झालेत, म्हणून यांनी वेगळी लाइन धरलेली. "आपल्याकडं ब्रेकला मंत्र हाय, क्लचला तंत्र हाय, आन् गिअरला सिद्ध केलेलं यंत्र हाय," असं ते म्हणायचे. शिरूरच्या बाहेर त्यांचा मठ होता. तिथं 'शांत झालेल्या' गाड्या रांगेनं उभ्या असत. काही दिवसांनी त्या रांगेतून गाड्या गायब होत. भक्त म्हणत, मुक्ती मिळाली. मला विचाराल तर गिऱ्हाईक मिळालं.

आता आबांच्या घरात हडळ कुठून आली? आबांचा मुलगा सत्यजीत रांजणगावला कंपनीत होता. त्याचं लग्न दौंड तालुक्यातल्या राहू गावच्या नीलमशी झालं. वरात या गाडीतूनच आली. गाडी पाच जणांची, आत कोंबलेले नऊ. वस्तीच्या कच्च्या रस्त्यावर गाडीचं पोट एका दगडाला घासलं आणि तेव्हापासून ती खडखडू लागली. दगड कोणाच्या लक्षात राहिला नाही. लक्षात राहिली ती नवरी.

"हिच्या पायानं आलंय हे," सासूबाई पुतळाबाई म्हणाल्या.

नीलम शाळेत विज्ञान शिकवायची. "आत्या, खालचं काहीतरी सैल झालंय. वाकून बघते," ती दोनदा म्हणाली होती.

"नवी सून गाडीखाली शिरणार? लोक शेण घालतील तोंडात!"

लोकांनी शेण घालू नये म्हणून मग महाराजांना बोलावलं.

आणि आता महाराजांनी नीलमला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं होतं, हडळीला ओळख पटावी म्हणून. शेजारी स्टिअरिंगवर त्यांचा चेला पप्पू. का, तर गाडी उधळू नये म्हणून. त्याच्या मांडीवरून पायापर्यंत भगवी शाल पांघरलेली.

"सांग! तू ह्या पोरीसंगं राहूवरनं आलीस का न्हाई?"

हलगी कडाडली. खडखडखडखड!

पुतळाबाईंनी पदर तोंडाला लावला. सत्यजीत मान खाली घालून उभा.

"हिला सव्वा वर्स माहेरी धाडली, आन् गाडी मठात सोडली, तर घर सोडशील का?"

खडखडखडखड!

नीलमच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाची हळदसुद्धा अजून नीट उतरली नव्हती. तिनं मान खाली घातली, आणि त्याच क्षणी पप्पूची शाल जराशी घसरली. खाली पप्पूच्या अनवाणी पायाचा अंगठा होता. तो ॲक्सिलरेटरवर अलगद टेकला. समोर इंजिनाच्या वेगाचा काटा थोडा वर सरकला. खडखड! अंगठा उचलला. काटा खाली. हडळ गप्प.

नीलमला हसू फुटलं. तिनं ओठ दाबले. पुन्हा प्रश्न, पुन्हा इंजिनाचा वाढता आवाज बुडवणारी हलगी, पुन्हा तो गलेलठ्ठ अंगठा. मग मात्र ती डॅशबोर्डवर डोकं टेकवून खदाखदा हसू लागली.

"अंगात आली! हसतीया बगा हडळ!" महाराज गरजले. छपरावरची पोरं पटापट उतरून पळाली.

"अहो, हडळ नाही, मीच हसतेय," नीलम डोळे पुसत गाडीतून उतरली. सासऱ्यांना म्हणाली, "मामा, माझं माहेरी जायचं ठरतंय, तर मला एवढंच मागू द्या. ह्या पप्पूला उतरवा आणि तुम्ही बसा स्टिअरिंगवर. पाय वर घेऊन, मांडी घालून."

"गाडी उधळंल!" महाराज ओरडले.

"न्यूट्रलमध्ये आहे, हँडब्रेक ओढलाय. उधळून जाईल कुठं?"

आबा तसे सरळ माणूस. सुनेनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. ते सीटवर मांडी घालून बसले.

"विचारा आता, महाराज."

महाराजांनी विचारलं. हलगी कडाडली. गाडी गप्प. पुन्हा विचारलं, कुंचा आपटला, लिंबू पिळलं. गाडी नुसती गुरगुरत राहिली.

"भ्यालीय ती! कोंडिबाचं पुण्य लई मोठं हाय."

"मग माझ्या पापाला उत्तर देईल," म्हणत नीलम स्टिअरिंगवर बसली. दार सताड उघडं ठेवून तिनं पाय सगळ्यांना दाखवला. "हलगी बंद करा. हं. हडळबाई, दोन आन् दोन पाच का?"

पाय टेकला. खडखडखड!

"बघा, गणितात कच्ची आहे. आता सांग, महाराजांची ढेरी उपासानं वाढली का?"

खडखडखड! ट्रॉलीत खसखस पिकली. एक म्हातारी तर हसताना खालीच बसली.

"शेवटचं. नीलमला या घरात ठेवायचं का?"

तिनं पाय टेकवायच्या आधीच आबा मोठ्यानं बोलले, "व्हय! ह्याला गाडी कशाला विचारायची?"

सत्यजीतनं मान वर केली. "पोलिसांना फोन लावतो. जादूटोण्याविरुद्ध कायदा हाय," म्हणत तो महाराजांकडे निघाला, पण तोवर महाराज आणि पप्पू मोटरसायकलवर बसले होते. तो फाटकापाशी पोचेपर्यंत ते वळणापार झाले.

 मग सत्यजीतनं शेताला पाणी नेणाऱ्या कोरड्या चारीवर, दोन्ही बाजूंची चाकं दोन काठांवर येतील अशी गाडी उभी केली, चाकांना दगड लावले आणि इंजिन बंद करून सायलेन्सर गार होऊ दिला. नीलम चारीत उतरली. तिच्यामागं माना वाकवून अर्धं गाव.

"ही बघा हडळ," तिनं बोटानं टकटक केलं. सायलेन्सरची उष्णता अडवायला वर एक पातळ पत्रा असतो. दगडाच्या घासण्यानं त्याला धरून ठेवणारी पट्टी तुटली होती. इंजिन ठरावीक वेगानं फिरलं की सैल पत्रा थरथरून सायलेन्सरवर आपटायचा. वेग बदलला की गप्प. पप्पूच्या अंगठ्यानं तेवढा वेग बरोबर हेरला होता.

विहिरीवरच्या पाइपाची स्टीलची मोठी क्लिप सत्यजीतनं आणून दिली. तिनं ती पत्रा आणि सायलेन्सर दोन्हींभोवती गुंडाळून स्क्रू आवळला. इंजिन चालू झालं. आबांनी वेग वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. लोक कान देऊन वाट बघत राहिले. आवाज नाही.

पुतळाबाई चारीच्या काठावर बसल्या. सुनेच्या गालावरची काजळी पदरानं पुसत म्हणाल्या, "वाजत व्हता पत्रा, आन् नाव तुझं घेतलं मी. लई चुकलं माझं."

"आत्या, हात द्या. मला वर यायचंय."

त्यांनी दोन्ही हात दिले.

मंडळी, कुठं खडखड ऐकू आली तर भ्या हवं तर, भीती माणसालाच वाटते. पण अंगारा आणायच्या आधी इंजिन बंद करा, गार होऊ द्या आणि खाली वाकून बघा. आवाजाला कारण असतंच. ते न शोधता दोष घरात आलेल्या लेकीबाळींच्या माथी मारू नका.