खिडकीखालची परीक्षा

आमचे हे बेकरीत कामाला आहेत, त्यामुळे त्यांना रात्री दोनला घर सोडावं लागतं. जुनी गाडी सुरू झाली की सगळं घर हादरायचं. सकाळी सासूबाई माझं डोकं खायच्या, "त्या खटाऱ्यापायी डोळ्याला डोळा लागला नाही गं."

शेवटी नवी छोटी गाडी घ्यायची ठरली. मी विक्रेत्याला सांगितलं, तुमचं मायलेज-बियलेज राहू द्या, गाडी दुपारी आमच्या घरी आणा. सासूबाई जेवून आडव्या झाल्या की त्यांच्या खिडकीखाली ती सुरू करायची. पहिल्या गाडीला त्या उठून बसल्या. दुसरीला तर त्यांनी खिडकीतून विक्रेत्याचा उद्धार केला. तिसरी हायब्रिड होती. ती बॅटरीवर मांजरीच्या पावलांनी फाटकाबाहेर गेली, तरी आत घोरणं चालूच. मी तिथल्या तिथे होकार दिला.

पहिल्या रात्री हे कधी निघाले, मलाही कळलं नाही. बाजूची जागा रिकामी बघून मी समाधानाने कूस बदलली, तोच दारावर थापा पडल्या. दार उघडलं, तर सासूबाई काठी घेऊन उभ्या.

"अगं, उठव त्याला, अडीच वाजले," त्या म्हणाल्या. "अजून गाडीचा आवाज नाही. तो निघाल्याशिवाय मला मेलीला झोप लागते का कधी?"

आता हे रोज कोपऱ्यावर पोचले की हॉर्न वाजवतात. सगळी गल्ली जागी होते. सासूबाई तेवढ्या झोपतात.