लागोपाठ दोन कोरडे पावसाळे

मी शंख बोलतोय. देवघरातला नव्हे, गोगलगायीचा, अंगठ्याच्या नखाएवढा. माझ्यात राहणारी गोगलगाय चार हजार वर्षांपूर्वी मेली. मी राहिलो.

धावड्याजवळच्या डोंगरात एक कोरडी कपार आहे. तिच्या तोंडाशी माझी गोगलगाय जन्मली. पाऊस पडला की ती ओल्या पाल्यावर हिंडायची आणि माझ्या काठाला चुन्याची नवी कड जोडायची. उन्हाळ्यात ती माझ्या तोंडावर पातळ पडदा ओढून आत पडून राही. माझी वाढ थांबे आणि तिथे गडद रेघ उमटे. पहिला पावसाळा बरा गेला. पुढचे दोन अगदी आखूड. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिने पडदा ओढला, तो उघडलाच नाही.

मग माझ्यावर धूळ, राख, वटवाघळांची घाण साचत गेली. थरावर थर.

अलीकडे त्या कपारीत रखमाजी शेळ्या बांधतात. दर वर्षी तिथली भुसभुशीत माती ते मोसंबीच्या झाडांना घालतात. तिच्याबरोबर माझ्यासारखे कितीतरी शंख गेले. आतला एक कोपरा तेवढा उरला होता. मी त्यात होतो.

गेल्या मार्चात परतूरची सुमेधा आली. जुन्या काळी पाऊस किती पडायचा, याचा ती अभ्यास करते. तिने कोपऱ्याची उभी बाजू ब्रशने साफ केली आणि मी तिच्या तळहातावर आलो.

"मामा, हा कोपरा खणू नका," ती म्हणाली. "एका शंखावरून काही कळत न्हाई. खालून वर, प्रत्येक थरातले शंख पाहिजेत."

"उद्या ट्रॅक्टर येणार हाय," रखमाजी म्हणाले. "झाडं वाळून राह्यली, बाई. माती तर लागतीच."

रखमाजींच्या बायको कांताबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या. त्यांनी सुमेधाच्या हातातलं भिंग घेऊन मला न्याहाळलं.

"या रेघा कशाच्या गं?"

"एक रेघ म्हणजे एक उन्हाळा, मावशी. मधली जागा पावसाळ्याची. या दोन जागा बघा, किती अरुंद हायेत."

कांताबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग भिंग नवऱ्याला देत म्हणाल्या, "लागोपाठ दोन साल. आपल्यावानीच."

अशाच दोन सालांत त्यांनी अर्धी बाग तोडली होती. रखमाजींनी मला पाहिलं आणि जपून परत दिलं.

"ट्रॅक्टर तळ्यावर लावतो. गाळ आणू. जरा लांब पडंल."

प्रयोगशाळेत माझी एक बाजू कोरून तिची पूड केली. पाण्यात हलका आणि जड असे दोन्ही प्रकारचे ऑक्सिजन असतात. पाऊस भरपूर झाला की त्यात हलका वाढतो. त्या पाण्यातलं प्रमाण माझ्या चुन्यात जपलेलं होतं, आणि त्यात हलका कमीच निघाला. माझ्या थरातल्या तीस शंखांनी एकच सांगितलं: पाऊस फार दिवस कमी होता.

सुमेधाने फोन करून ते कळवलं. रखमाजींनी एवढंच विचारलं, "मंग, नंतर पडला का?"

"पडला, मामा. वरच्या थरातले शंख मोठे हायेत. पण तोवर मान्साच्या दोन-तीन पिढ्या गेल्या."

मग ते म्हणाले, "कोपरा हाय तसाच ठेवलाय. ये."

मी आता डबीत अर्धाच आहे. उरलेल्याचीही पूड होईल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुमच्या डोंगरात अशी कपार असेल, तर माती उपसताना एका कोपऱ्यातले थर तरी तसेच उभे ठेवा.