वासुदेवरावांच्या खालचं पाणी

१९८२च्या डिसेंबरात चिखलडोहचे वासुदेवराव झाडे कापसाच्या बंडीवरून पडले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. सेवाग्रामला हाड बसवलं, कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं आणि चार-सहा महिने पडून राहायला सांगून घरी पाठवलं.

चिखलडोह समुद्रपूरपासून दोन कोसांवर. एसटी फाट्यावर सोडायची, पुढे पायी. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. प्रेमदास थूल, राहणारा नालवाडीचा. गावात माझी खोली बौद्धपुऱ्यात होती. ती मी निवडली होती असं नाही. वरच्या मोहल्ल्यात तीन घरांनी 'खोली रिकामी नाई' म्हणून सांगितलं, त्यातल्या दोन घरांत खोलीत कोंबड्या होत्या.

पडून पडून वासुदेवरावांच्या पाठीला जखमा झाल्या. त्यांचा मुलगा पुंडलिक अमेरिकेत डॉक्टर होता. त्याला पत्र गेलं आणि मार्चअखेर एक पार्सल आलं. आत निळ्या रंगाचं, जाडजूड, घडी घातलेलं ताडपत्रीसारखं काहीतरी, एक इंग्रजी पुस्तक आणि पुंडलिकाची चिठ्ठी: 'बाबा, ही पाण्याची गादी आहे. हिच्यात पाणी भरून वर झोपायचं, म्हणजे अंगाला कुठंच टोचत नाही. पुस्तकात सगळं दिलं आहे.'

इंग्रजी वाचणारा गावात मी एकटा, आणि तेही बी.ए.चं इंग्रजी, गादीचं नव्हे. मला बोलावणं आलं. त्या घरात मी पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत गेलो. रुख्माबाईंनी मला नवऱ्याच्या खाटेजवळ खुर्ची दिली. गावचे सरपंच किसनराव आधीच येऊन बसले होते.

"मास्तर, पाणी किती लागते ते सांगा," वासुदेवराव म्हणाले.

"दोनशे गॅलन." मी पाटीवर हिशेब केला. "म्हणजे साडेसातशे लिटर. पन्नास बादल्या."

"आन् वजन?" दाराशी उभ्या असलेल्या रामाजीने विचारलं. तो बौद्धपुऱ्यातला, सुतारकाम करायचा. त्यालाही बोलावून घेतलं होतं.

"साडेसात क्विंटल."

रामाजीने खाटेकडे पाहिलं, मग वर आढ्याकडे पाहिलं. "मंग खाट नाई चालत. जमिनीवर पेटी करा लागते. बाभळीच्या फळ्यायची. चारी बाजूनं."

त्याने दोन दिवसांत पेटी केली. गादी तिच्यात अंथरली. पुस्तकात लिहिलं होतं की बागेतली रबरी नळी नळाला लावून गादीच्या तोंडात सोडावी. चिखलडोहला नळ नव्हता, रबरी नळी नव्हती, आणि बाग म्हणायची तर शाळेपुढची दोन सदाफुलीची झाडं. शेवटी शेंगदाण्याच्या तेलाचं नरसाळं घासूनपुसून तोंडात बसवलं आणि वासुदेवरावांचा सालदार चिंधू विहिरीवरून बादल्या आणू लागला. खाट बाजूलाच होती. वासुदेवराव आडवे पडल्या पडल्या मोजत होते.

तीस बादल्यांनंतर चिंधू रिकामा आला. "मालक, विहिरीतून चिखल येऊन राह्यला."

वरच्या मोहल्ल्यातल्या बाकी विहिरींची तीच गत होती. उन्हाळा लागला की त्यांचं पाणी तळाला जायचं. पाणी टिकायचं ते फक्त बौद्धपुऱ्याच्या विहिरीत. ती खाली नाल्याच्या काठाला होती आणि मे महिन्यातही तिच्यात दोन पुरुष पाणी असायचं. पण वरच्या मोहल्ल्यातलं कुणी तिथे पाणी भरायला जात नसे. तसं कुणी तोंडाने बोलतही नसे. नुसतं जात नसे.

किसनराव म्हणाले, "प्यायले थोडंच पाह्यजे? गादीत तं टाकाचं आहे. जाय चिंधू."

चिंधू गेला आणि पुन्हा रिकामाच परत आला. विहिरीवर रामाजीची बायको धुरपता होती. ती काय म्हणाली ते त्याने खाली मान घालून सांगितलं: "आमच्या विहिरीचं पाणी तुमाले प्यायले चालत नाई, आन् झोपायले चालते काय?"

रामाजी पेटीच्या कोपऱ्यातला एक खिळा, जो पक्का ठोकलेला होता, तो आणखी ठोकायला लागला. मी पुस्तकाचं पान उलटलं आणि मजकूर न वाचता त्याच्याकडे पाहत राहिलो. मला हसू येत होतं आणि रागही येत होता.

रुख्माबाई उठल्या. त्यांनी चिंधूच्या हातातली बादली घेतली, पदर खोचला आणि भर दुपारी खाली उतरल्या. पुढचं मला नंतर धुरपतानेच सांगितलं. रुख्माबाई विहिरीच्या काठाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुहं म्हणणं बरोबर आहे. पण त्यायची पाठ सडून राह्यली. मले वीस बादल्या दे."

धुरपताने पोहरा सोडला. तिने आणि शेजारच्या सीताबाईने उरलेल्या वीस बादल्या आणल्या. अंगणात आल्यावर दोघी थांबल्या. रुख्माबाई म्हणाल्या, "इथं काऊन थांबल्या? गादी आत आहे." मग त्या आत आल्या.

गादी भरली. पण पुस्तकातला पुढचा शब्द 'बर्प' होता. मी खोलीवर जाऊन शब्दकोश पाहिला, परत आलो, आणि दोनदा खात्री करून सांगितलं, "आता गादीला ढेकर द्यायला लावायचा आहे."

"कोणाले?" किसनरावांनी विचारलं.

"गादीला. आत हवा राहिली आहे. ती ढेकर देऊन बाहेर काढायची, असं लिहिलं आहे."

सरपंचांना मी चेष्टा करतो आहे असं वाटलं. पण रुख्माबाईंना त्यात काही नवल वाटलं नाही. त्यांनी पाच लेकरं वाढवली होती. त्या गादीजवळ बसल्या आणि तळहाताने थोपटत थोपटत दूरच्या टोकाकडून तोंडाकडे येऊ लागल्या. पाच-सात मिनिटं काहीच झालं नाही. धुरपता पाहत होती. ती म्हणाली, "काकू, डोकं वर करा लागते लेकराचं." तिने आणि रामाजीने गादीचं तोंडाकडचं टोक उचलून धरलं. रुख्माबाईंनी आणखी थोपटलं आणि गादीने असा दणदणीत ढेकर दिला की गोठ्यातल्या गायीने मान वळवून पाहिलं.

"आता झोप लागन तिले," सीताबाई म्हणाली.

चौघांनी वासुदेवरावांना उचलून गादीवर ठेवलं. ते आत रुतले, वर आले, डावीकडे गेले, उजवीकडे आले. दोन्ही हातांनी त्यांनी फळ्या धरल्या. "अरे, मी कुठं चाललो?" ते ओरडले. मग हळूहळू लाट शांत झाली आणि त्यांनी हात सोडले. खूप दिवसांनी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "टोचत नाई," ते म्हणाले. "काहीच टोचत नाई." रुख्माबाई लगबगीने चहा ठेवायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. चहा आला तेव्हा सगळ्यांसाठी एकसारख्या कपांतून आला.

गादीचं व्यवस्थापन माझ्याकडे आलं. रोज शाळा सुटली की मी पुस्तक घेऊन जायचो. भेटीला येणाऱ्याने गादीवर बसायचं नाही, हा पहिला नियम मी केला, कारण किसनराव विचारपूस करायला कडेवर टेकले तेव्हा वासुदेवराव दुसऱ्या बाजूने भिंतीला लागले होते. अंगठ्या, बिल्ले, किल्ल्या बाहेर काढून ठेवायच्या, हा दुसरा. पाण्यात शेवाळ होऊ नये म्हणून अमेरिकेहून औषधाची बाटलीही आली होती, पण ती पार्सलातच फुटून सगळी चिठ्ठीवर सांडली होती. म्हणून आम्ही तुरटी फिरवली. किसनराव म्हणाले दोन मासोळ्या सोडा, विहिरीत सोडतात तशा, शेवाळ खातील. वासुदेवराव गळ्यातली माळ धरून म्हणाले, "माह्या खाली जीव नको." तो विषय तिथेच संपला.

महिन्याभरात जखमा भरत आल्या. पाहायला अल्लीपूरपासून लोक यायचे. काहींना वाटायचं वासुदेवराव हौदात झोपतात.

मेमध्ये वरच्या मोहल्ल्याच्या सगळ्या विहिरी आटल्या. किसनरावांनी टँकरसाठी अर्ज केला आणि पाहणीला एक साहेब जीपमधून आले. त्यांच्याकडे छापील फॉर्म होता. त्यांनी पाच विहिरींत दगड टाकून पाहिले. पाचही वेळा ठक्क असा आवाज आला. किसनराव खूश झाले. साहेब सही करणार, तेवढ्यात चिंधू मोठ्या अभिमानाने म्हणाला, "साहेब, आमची पाण्याची गादी नाई पाह्यली?"

साहेबांनी गादी पाहिली. एका बोटाने दाबली. वासुदेवराव त्यांना रामराम करत वर-खाली झाले.

"यात किती पाणी आहे?"

"साडेसातशे लिटर," मी म्हणालो. मास्तरची सवय, विचारलं की उत्तर द्यायचं.

साहेबांनी फॉर्म उघडला. "गावात एका जागी पाचशे लिटरच्या वर साठा असेल तर टँकर देता येत नाही. असा रकाना आहे." आणि त्यांनी लिहिलं, मोठ्याने म्हणत लिहिलं: "साठा, साडेसातशे लिटर. ठिकाण, श्री. वासुदेवराव झाडे यांच्या खाली."

"साहेब, थे गादी आहे!" किसनराव कळवळले.

"गादीत काय आहे?"

"पाणी."

"मग?"

बाहेर अर्धं गाव जमलं होतं. कुणी म्हणालं, गादी खाली करा. वासुदेवराव म्हणाले, "करा. गाव तहानलेलं आहे, मी काय पाण्यावर लोळू?" रुख्माबाई गादीच्या तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कोणी हात लावून पाह्याच. दोन बोटं जखम राह्यली आहे."

मी म्हणालो, "साहेब, हे पाणी पिण्याचं नाही. दोन महिने गादीत आहे."

"गादीत असल्याने पाणी पिण्याचं राहत नाही, असं कुठे लिहिलेलं नाही. भरलं तेव्हा पिण्याचं होतं का?"

तेव्हा दारातल्या बायांमधून धुरपता पुढे आली. "साहेब, त्यात वीस बादल्या आमच्या विहिरीच्या आहेत. वरचे लोक आमचं पाणी पीत नाईत. म्हंजे त्यायच्यासाठी थे प्यायचं पाणी नाई. लिहा तसं."

साहेबांनी पेन थांबवलं आणि सरपंचांकडे पाहिलं. "असं आहे? तुम्ही त्या विहिरीचं पाणी पीत नाही? लिहू मी?"

किसनरावांच्या कपाळावर घाम आला. असं लिहिलं गेलं तर त्याचा अर्थ काय होतो, कायद्यात त्याला काय म्हणतात, हे त्यांना चांगलं माहीत होतं. दर सव्वीस जानेवारीला ते त्याच्यावर भाषण द्यायचे.

"छे छे," ते म्हणाले. "पितो की! सारेच पितो. गाव एक आहे आमचं."

"म्हणजे तिथे पाणी आहे?"

"दोन पुरुष," धुरपता म्हणाली.

साहेब खाली जाऊन दगड टाकून आले. डुबुक असा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यांनी गादीची ओळ खोडली, खाली लिहिलं की गावात पिण्याच्या पाण्याची विहीर आहे व सर्व ग्रामस्थ ती वापरतात, आणि त्याखाली किसनरावांची सही घेतली. टँकर नामंजूर. जीप धुरळा उडवत निघून गेली.

किसनराव माझ्याकडे वळले. "मास्तर, हे काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "तुम्ही बोललात तसंच लिहिलं त्यांनी."

दोन दिवस वरच्या मोहल्ल्याने तग धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी सरपंचांची बायको अन्नपूर्णाबाई दोन गुंड, म्हणजे पितळी घागरी, घेऊन खाली आली, मागे आणखी दहा-बारा जणी. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, जणू तेवढ्याने ओळख लपणार होती. धुरपता आणि सीताबाईने नंबर लावून दिले. घरामागे चार गुंड, भांडण करेल तिचा नंबर शेवटी. पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणी शेवटी गेल्या. धुरपताने एकीलाही टोमणा मारला नाही. मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, पोहरा ओढू का तोंड चालवू?" मृगापर्यंत अख्खं गाव त्या एका विहिरीवर जगलं.

जुलैत वासुदेवराव काठी टेकून उभे राहिले आणि गादी खाली करायची वेळ आली. पुस्तकात लिहिलं होतं: नळीचं एक टोक गादीत, दुसरं तोंडाने ओढून खालच्या पातळीवर सोडा. समुद्रपूरहून नळी आणली. चिंधूने जोर लावून ओढली आणि तोंडभर हिरवं पाणी गिळलं, पण धार काही लागेना. गादीच जमिनीवर होती आणि नळी अंगणापर्यंत पोचत नव्हती, मग गादीहून खालची पातळी आणायची कुठून? पन्नास बादल्या आत घालताना हा विचार ना मी केला होता, ना रामाजीने. शेवटी रामाजीने पेटीची एक फळी काढली आणि आम्ही सहा जणांनी दूरच्या टोकाकडून गादीची गुंडाळी करायला घेतली. तोंडातून पाणी दाराबाहेर, अंगणात, तिथून गल्लीत गेलं. त्याचा वास असा होता की कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत गेली. किसनराव नाकाला धोतराचा सोगा लावून म्हणाले, "हेच पाणी साहेब पिण्याचं म्हणत होता काय?"

वासुदेवराव खाटेवर झोपायला लागले. पहिले पंधरा दिवस त्यांना झोप लागली नाही. खाट हलत नाही, अशी तक्रार होती.

पाऊस झाल्यावर वरच्या विहिरी भरल्या आणि बहुतेक घरं आपापल्या काठाला परत गेली. मला वाटलंच होतं. पण चार-पाच घरं खालीच येत राहिली. रुख्माबाई रोज दोन गुंड नेत. एकदा मी वाटेत विचारलं, "काकू, तुमच्या दारात विहीर भरली ना?"

"भरली नं," त्या म्हणाल्या. "पण या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते. आन् धुरपता भेटते."