आई, मावशी आणि मधली रेषा

रंगारी तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. तरीही त्या दुपारी त्याची आई भर रस्त्यात उभी राहून त्याच्या नावाने खडे फोडत होती.

भर रस्त्यात म्हणजे अगदी मधोमध. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पत्त्यांचा जोड, आणि पायाखाली लेकाने सकाळीच रंगवलेल्या झेब्रा क्रॉसिंगचा शेवटचा पट्टा.

"पुढचे पट्टे कुठायत?"

"पुढचे माझ्याकडे नाहीत गं," रंगारी काकुळतीला आला. "पुढे दुसरं राज्य लागतं."

हे खरंच होतं. पाच शहरं वाढत वाढत एकमेकांना अशी चिकटली होती, की कुठलं कुठे संपतं हे तिथल्या माणसांनाही धड सांगता येत नसे. त्यातली तीन एका राज्यात, दोन दुसऱ्यात, आणि हद्द नेमकी या रस्त्याच्या मधल्या रेषेवरून गेलेली. इकडच्या दुकानांना सुट्टी असली की तिकडची उघडी. इथलं एक लंगडं कुत्रं दोन्ही पालिकांनी आळीपाळीने पकडून, दुसऱ्याच्या हद्दीतलं म्हणून सोडून दिलेलं. लोकांचं काही अडत नव्हतं. अडलं ते रस्त्यावर नवं डांबर पडल्यावर. जुने पट्टे गेले आणि दोन्ही कचेऱ्यांनी आपापल्या बाजूचे नवे आखून दिले. इकडच्या साहेबांनी अंतर पुलापासून मोजलं, तिकडच्या साहेबांनी पाण्याच्या टाकीपासून. इकडचे पट्टे निघाले शाळेसमोर आणि तिकडचे पार पुढे, औषधाच्या दुकानासमोर.

"ताई, ये की गं!" समोरच्या घराच्या खिडकीतून मावशी ओरडली. तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. "चार पावलं तर राहिलीत!"

"पट्टे नाहीत!" आई खालून ओरडली.

आई शाळेत शिक्षिका होती. पट्ट्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे तिने आख्ख्या वस्तीला कान धरून शिकवलेलं. हॉर्न वाजवणाऱ्यांत निम्मे तिचेच विद्यार्थी होते.

"बाई, चला ना पुढे," एका टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढलं.

"तू गप्प बस. तुझे पाढे तरी पाठ झाले का अजून?"

टेम्पोवाल्याने डोकं आत घेतलं. आई मागे वळली आणि आल्या पट्ट्यांवरून घरी गेली.

पाय मोडल्यापासून मावशीचं सगळं ताईवर होतं. ताई आली की ती जेवायची, मग दोघींचा डाव रंगायचा, आणि डावात भांडण झालं की मावशीला बरं वाटायचं. आता ते सगळंच बंद पडलं. "रिक्षाने सोडतो," असं रंगारी म्हणून बघायचा, तर आई फणकारायची, "समोर जायला रिक्षा? लोक काय म्हणतील?" शिवाय इकडची रिक्षा तिकडे जातच नसे.

शेवटी मावशीने फोनवर तोंड सोडलं. "पट्ट्यांचं निमित्त कशाला गं? भ्यालीस म्हणून सांग की सरळ!"

आईने फोन ठेवला आणि पत्त्यांचा जोड कपाटात वरच्या फळीवर, हात पोचणार नाही असा टाकला. दोघी बहिणी आयुष्यभर भांडल्या होत्या, पण अबोला कधी धरला नव्हता.

रंगारी साहेबांकडे गेला. साहेबांनी नकाशा पुढे केला. "आपलं बरोबर आहे. त्यांना हलवायला सांग."

सांगायचं कुणाला? तिकडचा रंगारी म्हणजे एक मिशीवाला. दोघं कित्येक वर्षं एकच रस्ता रंगवत होते, पण एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. रंगाऱ्याने थर्मासमध्ये चहा भरला, मनातल्या मनात बोलणं दोनदा घोकलं आणि पलीकडे गेला. गेल्यावर घोकलेलं सगळं विसरला.

"तुमचं चुकलंय," तो एकदम म्हणाला.

"वा! चहा पाजून भांडायला आलात?" मिशीवाल्याने ब्रश खाली ठेवला. "आमचं टाकीपासून मोजलंय. इंच हलणार नाही."

"आमचं पुलापासून. तेही नाही."

"म्हणजे दोघांचंही बरोबर."

"तेच तर झालंय ना." रंगाऱ्याने चहा ओतला आणि आई, मावशी, वरची फळी, सगळं सांगून टाकलं.

मिशीवाला चहा पीत रस्त्याकडे बघत राहिला. "त्या बाई तुमच्या आई होय? परवा मला म्हणाल्या, मिशी आवर आणि पट्टे सरळ काढ." मग त्याने हळूच विचारलं, "मधली रेषा कुणाची हो?"

"अर्धी आमची, अर्धी तुमची."

"रुंद किती काढायची, लिहिलंय तुमच्या नकाशात?"

"नाही."

"आमच्याही नाही."

दोघांनी एकदमच डबे उचलले. शाळेसमोरच्या शेवटच्या पट्ट्यापासून औषधाच्या दुकानासमोरच्या पहिल्या पट्ट्यापर्यंत त्यांनी मधली रेषा अशी जाडजूड काढली, की छत्रीसकट एक शिक्षिका तिच्यावरून आरामात चालावी. प्रत्येकाने आपापल्या अर्ध्यातच ब्रश चालवला. वाहनं दबकून जाऊ लागली. एवढी लठ्ठ रेषा म्हणजे नवा कायदा आला असणार, असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दुपारी आईने पट्ट्याच्या टोकाशी उभं राहून छत्रीने रेषा ठोकून पाहिली. रंगारी मागेच उभा होता.

"हाही पट्टाच," आई म्हणाली. "जरा लांबट आहे, इतकंच. त्या फळीवरचे पत्ते काढून आण."

पत्ते हातात आल्यावर ती मधोमध गेली, वळली आणि रेषेवरून ताठ चालू लागली. दोन राज्यांच्या गाड्या दोन्हीकडे थांबल्या.

"अगं, तिकडे कुठे निघालीस?" मावशी खिडकीतून अर्धी बाहेर आली. "घर इकडे आहे!"

"माहितीये! डाव मांडायला जागा कर!"

"काल येऊन दाखवायचं होतंस!" मावशी म्हणाली खरी, पण आवाज ओला झाला होता.

आई औषधाच्या दुकानाकडे वळून पलीकडे पोचली, तिथून मागे आली आणि मावशीच्या दारातून आत दिसेनाशी झाली. मिशीवाल्याने पलीकडून चहाची खूण केली. रंगारी खुशीत सरळ रस्ता कापत निघाला. तोच खिडकीत दोन डोकी आली.

"पट्ट्यावरून!" दोघी एकदम ओरडल्या.

रंगारी निमूट मागे फिरला आणि शाळेसमोरच्या पहिल्या पट्ट्यापासून चालू लागला.