मातीखाली लागलेला हात

मित्रांनो, माझे टोक बोथट झाले आहे, दांडा दोनदा बदलला आहे, तरी मी तोच जुना टिकाव आहे. लोहाराने मला लालबुंद तापवून घणाखाली बडवले. मार खातच जन्माला आलो, म्हणून मारण्यातच माझा आनंद होता.

विद्यापीठाची मुले उत्खनन शिकायला येत, तेव्हा वरची टणक माती मी फोडायचो. जुन्या वस्तू दिसू लागल्या की सर ओरडायचे, "टिकाव बाजूला! आता ब्रश घ्या." मग मी कडेला धुसफुसत पडायचो. त्या नाजूक ब्रशांचा मला भारी राग येई.

एका वर्षी एक किरकोळ अंगाची मुलगी आली. सगळे तिला चिमणी म्हणत. डोक्याहून खोल खड्ड्यात काम करताना तिला खड्ड्याच्या मातीच्या भिंतीत मडक्याचा काठ दिसला. भिंत खालून पोखरायची नाही, हे सरांनी घसा कोरडा करून सांगितले होते. पण अख्खे मडके मिळेल या हावेने ती पोखरत गेली आणि भिंत तिच्या अंगावर कोसळली.

चिमणी दिसेनाशी झाली. तिच्याच वर्गातला पैलवान तिला धाकटी बहीण मानायचा. त्याने मला उचलून खड्ड्यात उडी घेतली. "चिमणे, आलो गं!" म्हणत तो घाव घालू लागला.

"टाक तो! हातानं उकर!" सर वरून किंचाळले. त्याला ऐकूच गेले नाही. मलाही थांबायचे नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणासाठी तरी तुटून पडलो होतो.

एका घावाला माझे टोक मऊ कशात तरी रुतले. वर आलो तो रक्ताने माखून. पैलवानाने मला भिरकावले आणि नखे निघेपर्यंत माती उकरली. आधी तळहात दिसला, आरपार फुटलेला. मग निळा पडलेला चेहरा. तोंडातली माती काढल्यावर तिने श्वास घेतला आणि जी किंकाळी फोडली, ती मी विसरलेलो नाही.

चिमणी वाचली. उजव्या हाताची मूठ मात्र तिला पुन्हा वळता आली नाही.

"तू आलास म्हणून मी आहे," ती पैलवानाला म्हणाली.

त्याने मान वर केली नाही. "घाव वीतभर इकडे बसला असता, तर डोक्यात होता गं."

मित्रांनो, मला तेलपाणी करा किंवा गंजू द्या, माझी तक्रार नाही. पण मातीखाली माणूस असेल, तेव्हा माझ्याकडे हात नेऊ नका. मी जोरात येतो, आणि मला दिसत नाही.