चिमणी खुर्चीवरून उठेना

मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. माझे पाय ओतीव लोखंडाचे, गादी फिकट पिवळी. बाजूचा दांडा दाबला की भल्या दांडग्या माणसालाही मी अलगद वर उचलते. पहिल्यांदा केस कापायला आलेली किती मुलं माझ्यावर बसून रडली, याची मोजदाद नाही. पुढे दुकानात नवी खुर्ची आली आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. गर्दी झाली तरच माझी आठवण व्हायची. एरवी शाळा सुटल्यावर मालकांची अकरा वर्षांची मुलगी माझ्यावर बसून अभ्यास करायची. मालक तिला चिमणी म्हणत. तिची आई दवाखान्यात नर्स होती, ती संध्याकाळीच घरी यायची.

त्या दुपारी मालक नव्या खुर्चीवर बेकरीवाल्यांची दाढी करत होते. तेवढ्यात आणखी एक गिऱ्हाईक आलं.

"चिमणे, ऊठ बघू. काकांना बसू दे."

चिमणी उठेना. तिने माझे हात घट्ट धरले होते. मालक जवळ येऊन वाकले, तेव्हा ती त्यांच्या कानात पुटपुटली, "बाबा, पाळी आलीय. गादीला लागलंय."

मालकांनी हातातला वस्तरा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "एवढंच ना? आईने तुला सांगून ठेवलंय, तसं मलाही सांगून ठेवलंय."

त्यांनी धुतलेला टॉवेल तिच्या कमरेला गुंडाळला आणि तिला मागच्या न्हाणीत पाठवलं. "शेठ, मुलीचं जरा काम आहे. आलोच," म्हणत ते औषधांच्या दुकानाकडे धावले. बेकरीवाले खुर्चीवरून उठले. एका गालावर साबण तसाच ठेवून ते दारात उभे राहिले. आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनीच सांगितलं, "आता नाही, तासाभराने या."

मालक पॅडचे तीन पुडे घेऊन आले. "कोणता हवा ते कळेना, म्हणून तिन्ही आणले. कसं लावायचं ते वाचून दाखवू?"

"बाबा! मला वाचता येतं!" न्हाणीतून आवाज आला. त्यात रडू कमी आणि चिडणं जास्त होतं. मालकांचा जीव भांड्यात पडला.

बाहेर आल्यावर मात्र माझ्या गादीवरचा डाग पाहून तिचे डोळे भरले. "खुर्ची खराब केली मी."

"वेडी आहेस का? माझ्याच वस्तऱ्याने या खुर्चीवर किती जणांचं रक्त काढलंय! त्यांच्यातलं कोणी लाजलं नाही. तू कशाला लाजतेस?"

"खरंय! माझा हा गाल अजून बाकी आहे, जपून हं," दारातून बेकरीवाले म्हणाले. चिमणी हसली.

मालकांनी गार पाणी आणि साबण आणला. दोघांनी मिळून गादी पुसली. तिचं पोट दुखत होतं, तर दाढीच्या गरम पाण्यातून कोरा टॉवेल पिळून त्यांनी तिला शेकायला दिला.

मित्रांनो, माझी गादी उसवली तर शिवा, सांध्यांना तेल द्या. मी अजून पुष्कळ वर्षं कामाला येईन. आणि घरात एखादी मुलगी अशी गप्प बसून राहिली, तर 'ऊठ' म्हणून ओरडण्याआधी जवळ जा, ती काय सांगते ते ऐका. मालकांनी ऐकलं, म्हणून दुसऱ्याच दिवशी चिमणीने दारातूनच दप्तर भिरकावलं आणि उडी मारून ती माझ्यावर येऊन बसली.