कामाला लागलेला हात

"महेश्वरी, नळाला पानी आलं बग," पलंगावरून गौरम्मांनी सुनेला हाक दिली.

महेश्वरी खुर्चीतून अर्धी उठली आणि पुन्हा बसली. पाणी चार दिवसांनी आलं होतं. पिंप, बादल्या, सगळंच रिकामं. पण संगणकाच्या कोपऱ्यात तो हिरवा ठिपका होता. माऊस पाच मिनिटं हलला नाही की तो पिवळा होई आणि तेवढा वेळ कामाच्या तासांतून कापला जाई. एखादं किचकट बिल ती नुसती वाचत बसली, तरी कंपनीच्या लेखी ती झोपलेलीच! विम्याच्या कागदांची नोंद करायचं हे काम पुण्याच्या कंपनीनं तिला घरबसल्या दिलं होतं. तिच्या नवऱ्याचा, शिवानंदचा चादरीचा कारखाना बंद पडल्यापासून जुळे सोलापुरातलं त्यांचं दोन खोल्यांचं घर त्यावरच चाललं होतं. दोनदा ताकीद मिळाली होती. तिसऱ्यांदा काम जाईल, असं वरच्या ऋतुजामॅडमनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

"ती डबी नुसती हलवायचीच हाय न्हवं?" गौरम्मा म्हणाल्या. "दे हिकडं. माजा हात फुकटच हलतोय की."

त्यांना कंपवात होता. गोळीचा असर उतरला की उजवा हात आपोआप थरथरू लागे. महेश्वरीला हसू आलं, पण तिनं बिनवायरचा माऊस त्या हाताखाली सरकवला आणि ती नळाकडे धावली. पिंप भरून आली, तर ठिपका हिरवागार.

मग तो रिवाजच पडला. स्वयंपाक, धुणं, गिरणी, काहीही निघालं की माऊस गौरम्मांच्या हाताखाली जाई. ही लबाडी होती, महेश्वरीला ठाऊक होतं. पण वाचणाऱ्या बाईला झोपलेली ठरवणाऱ्यांचं तिला फार वाईट वाटलं नाही. गौरम्मा तर खुलल्याच. सकाळी वेणीफणी करून बसायच्या आणि म्हणायच्या, "लाव मला कामाला." शेजारची ईरम्मा आली की तिला ऐकवायच्या, "आमी दोगी मिळून नोकरी करतो." महिन्याअखेरीस ऋतुजामॅडमनी कौतुक केलं, तेव्हा दोघींनी शेंगापोळी करून खाल्ली.

हळूहळू हात दिवसभर थरथरू लागला. दुखणं वाढलंय, असं महेश्वरीनं धरलं. मान वळेना, कूस बदलता येईना, घास घशात अडकू लागला. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली, तरी गुण येईना.

एका दुपारी तिनं उशीचा अभ्रा धुवायला काढला, तर आतून गोळ्या घरंगळल्या. मूठभर होत्या.

"अव्वा, हे काय?"

"गोळी घेतली की हात गप पडतोय," गौरम्मा म्हणाल्या. "मग तुजं काम कसं व्हायचं?"

"आन् घास उतरंना ते?"

"म्हातारपनी व्हतंच की तसं. पर लई दिसांनी घरच्या उपेगी पडले यव्वा. न्हाय तर नुसतं भरवलेलं खायाचं."

महेश्वरीला रडू फुटलं. तिला म्हातारीचा राग आला, कंपनीचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःचा आला. रोज गोळी आणि पेला हातात देऊन ती खुर्चीकडे पळत होती. गोळी गिळलेली बघायला ती एकदाही थांबली नव्हती, कारण ठिपका पिवळा झाला असता.

तिनं पाणी आणलं. गोळी जिभेवर ठेवली.

"नगं गं. तुजी नोकरी—"

"गिळा आदी."

गोळी उतरेपर्यंत ती हलली नाही. मग तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि पलंगावरच बसून राहिली. टेबलावर फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. तिनं तिकडे पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं थरथर मंदावली आणि हात तिच्या तळव्यात निपचित पडला.

"थांबला की गं," गौरम्मा म्हणाल्या. कामावरून काढून टाकलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला.

महेश्वरीनं दुधात भाकरी कुस्करली आणि पहिला घास त्यांच्या तोंडापुढे धरला. गौरम्मांनी बराच वेळ तोंड उघडलं नाही.